थांब, आत्ताच घेऊ नको

खान्देशातून सुरतेला आलेल्या आमच्या लोकांत थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. आधी घरातले म्हणतात, मग वहिनीच्या माहेरचे म्हणतात, मग गल्ली म्हणते, आणि शेवटी गुजराती दूधवालाही बिलावर 'जिभाऊ' असंच लिहितो. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो एखाद्या जिभाऊला लागणार, हे नक्की. आणि तो जिभाऊ डोकं चोळत वळून विचारणार, "हा दगड कितीला घेतला? घ्यायच्या आधी मला विचारायचं ना, भो!"

मी लिहितोय ते जिभाऊ बेस गिटारवाले. खरं म्हणजे ते एक नाहीत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, गरब्याच्या पार्टीत, कानबाईच्या मिरवणुकीतल्या बँडच्या गाडीवर असा एकेक असतोच. मी चौघापाचांना एकाच सदऱ्यात कोंबलंय. सदरा थोडा ताणला गेला असेल, पण आतला माणूस ओळखू येईल.

जिभाऊंनी तीस वर्षं लूमच्या खात्यात मास्टर म्हणून काढली. लूमच्या खडखडाटाने कान जातो तो वरच्या सुरांकडून. बासरी, पैंजण, मोबाइलची बारीक रिंग हे सगळं आधी जातं. खालचे जाड सूर बरीच वर्षं टिकून राहतात. "देवाने वरचं काढून घेतलं, खालचं ठेवलं," जिभाऊ म्हणतात, "मग मी बेस नाही तर काय सनई वाजवू?" वहिनींचं निदान वेगळं आहे. 'जेवायला चला' ऐकू येतं आणि 'दळण आणा' ऐकू येत नाही, तेव्हा हा रोग कानाचा नव्हे, असं त्या म्हणतात.

त्यांनी सुरुवात केली ती कोलकात्याच्या एका जुन्या गिवसन गिटारीवर, खालच्या दोन बारीक तारा काढून टाकून. हे वेडेपण वाटेल, पण हिशेब बरोबर आहे. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारीच्या जाड चार ताराच, फक्त एक सप्तक खाली. तेवढं एक सप्तक जिभाऊ तोंडाने भरून काढायचे. "ढुम्" म्हणायचे. त्या काळातले श्रोते अजून भेटतात आणि सांगतात, गिटार ऐकल्याचं आठवत नाही, पण "ढुम्" आठवतो.

गेल्या वर्षी मला बेस घ्यायचा होता. माझा जुना बेस मानेतून असा वाकला होता की त्यावर वाळवण घालता आलं असतं. मी जिभाऊंकडे गेलो. चूक तिथेच झाली.

"बजेट?"

"पंधरा."

"पंधरात खेळणं येतं. थांब. पंचवीस जमव."

चार लग्नं आणि एक साखरपुडा वाजवून पंचवीस जमवले.

"पंचवीसवाला म्हणजे मधला माल. ना धड सुती, ना धड रेशमी. थांब. चाळीस होऊ दे."

भिशी उचलली. चाळीस झाले. जिभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर गहाण टाकून पतंग घ्यायला निघालोय. "चाळीस हजार तू बेसवर घालणार? वाजवतो कुठे तू? नवरात्रात नऊ रात्री हींचचा ठेका, त्यात सूर दोन! त्याला पंधरावाला बस्स झाला."

"मग पंधरावाला घेऊ?"

"थांब. पंधरात खेळणं येतं."

त्यांच्या बोलण्याला आधार नसतो असं मात्र नाही. आधार इतका असतो की मूळ प्रश्न त्याच्याखाली गुदमरतो. अमेरिकेत लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. मानेवर आडव्या पट्ट्या ठोकल्यामुळे बोट नेमक्या सुरावर पडायचं, म्हणून ते नाव. त्याआधीच्या मोठ्या उभ्या बेसला पट्ट्या नव्हत्या. तिथे सूर अंदाजाने शोधायचा, अंधारात चप्पल शोधावी तसा. जिभाऊंच्या मते बेसमध्ये जे करायचं ते त्या माणसाने १९५१ मध्येच करून टाकलं. पुढचं सगळं 'नवा कॅटलॉग'. साडी तीच, पदर बदलला, नंबर बदलला, भाव चढला. सुरतेच्या कापडधंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सबुरीसाठी त्यांचा लाडका दाखला पॉल मॅकार्टनीचा. बीटल्सच्या या पोराने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफनर बेस घेतला, सुमारे तीस पौंडांत, कारण फेंडर परवडत नव्हता. तो बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि २०२४ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं. "बावन्न वर्षं!" जिभाऊ बोट वर करतात. "तो थांबला. तुला दिवाळीपर्यंत थांबता येत नाही?" मी म्हटलं, मधल्या काळात त्याच्याकडे दुसरे बेस होते. तेव्हा नेमका तो कान वरच्या सुरांचा झाला.

खरेदीत जिभाऊ जितके आडवे, दुरुस्तीत तितकेच सरळ. पावसाळ्यात सुरतेची हवा ओल्या टॉवेलासारखी होते. लाकूड ती ओल पितं आणि बेसची मान हलते. चार तारांचा मिळून ओढा असतो सत्तर-ऐंशी किलोंचा. म्हणजे आमच्या ड्रमरएवढा माणूस त्या मानेला दिवसरात्र लोंबकळत असतो. त्याला तोंड द्यायला मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती किती पिळायची हे पाहायला दुकानदार विलायती मापपट्टी काढतो. जिभाऊ खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतात.

सुरतेत व्हिजिटिंग कार्डांचा तुटवडा नाही. पहिल्या पट्टीवर एका हाताने तार दाबायची, शेवटच्या पट्टीवर दुसऱ्या हाताने, आणि मधोमध सातव्या-आठव्या पट्टीजवळ तार आणि पट्टी यांच्यात कार्ड सरकवायचं. दोन्ही हात अडकल्यामुळे कार्ड वहिनी सरकवतात. अलगद गेलं तर मान ठीक. ढिलं पडलं तर सळई पाव आटा आवळायची, अडलं तर पाव आटा सैल करायची, आणि रात्रभर ठेवायचं. पाव आट्याहून जास्त फिरवणाऱ्याला जिभाऊ लूमवर पण उभा करणार नाहीत. कार्ड मात्र साध्या कागदाचं हवं. "लॅमिनेशनवालं नको. आणि सोनेरी अक्षरं उठवलेलं तर मुळीच नको, तो व्यापारी पण जाड आणि माप पण जाड." गोडादऱ्यातले निम्मे बेस एका जरीवाल्याच्या कार्डावर लावलेले आहेत. त्याला याची कल्पना नाही. कार्डं मात्र हजाराने संपतात, म्हणून तो खूश आहे.

विजेच्या बाबतीत जिभाऊ गंमत करत नाहीत. मांडवात अॅम्प्लिफायर एका ठिकाणच्या बोर्डावर, माईक दुसऱ्याच जनरेटरवर आणि अर्थिंगच्या नावाने शंख, असं असलं की तारांना हात ठेवून माईकला ओठ लावणाऱ्या माणसाला असा झटका बसतो की अंतरा राहतो बाजूला आणि गायक कोरसमध्ये जातो. जिभाऊ टेस्टर खिशात घेऊन फिरतात आणि आधी टेस्टर माईकला लावतात, मग हार नवरदेवाला पडतो. एकदा मिक्सरवाला म्हणाला, काही होत नाही, चालू द्या. जिभाऊ म्हणाले, "मग तू गा."

तारांच्या बाबतीत मात्र त्यांच्यात आणि वहिनींत जुनं भांडण आहे. अमेरिकेत जेम्स जेमरसन म्हणून बेसवाला होऊन गेला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत बेस त्याचाच. तो तारा तुटल्याशिवाय बदलत नसे. ही गोष्ट जिभाऊंना फार वर्षांपूर्वी कळली आणि त्यांचा एक खर्च कायमचा वाचला. पण तारांवर घाम आणि तेल साचून आवाज अगदीच पिठल्यासारखा झाला, की ते तारा उकळतात. हा उपाय खोटा नाही. उकळल्याने मळ सुटतो, तार पुसून वाळवली की काही दिवस टणत्कार परत येतो. प्रश्न पातेल्याचा आहे. पाहुणे आले असताना वहिनींनी झाकण उघडलं, आत चार जाड वेटोळी रटरटत होती. पाहुणी म्हणाली, "अगबाई, शेवया बऱ्याच जाड पाडल्यात." त्या दिवसापासून घरात एक पातेलं वेगळं आहे आणि त्यावर वहिनींनी नेलपॉलिशने फुली मारली आहे.

बेसवाल्या जॅको पास्टोरियसचं प्रकरण त्याहून दुःखद. हा माणूस जन्मला १९५१ मध्ये, म्हणजे फेंडरचा बेस आला त्याच वर्षी, आणि जिभाऊ यातून पत्रिकेपर्यंत जातात. त्याने आपल्या बेसच्या पट्ट्या उपटल्या, खाचा भरल्या, वर बोटीला लावतात तो इपॉक्सी चोपडला आणि जगाला वेड लावलं. जिभाऊंनी हे आमच्या एका तरुण बेसवाल्याला रंगवून सांगितलं. पोराने पकडीने पट्ट्या उपटल्या, पाण्याच्या टाकीची गळती बुजवायची पुट्टी भरली आणि दुसऱ्या दिवशी हळदीला वाजवायला गेला. नवरदेवाचे मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तो कोपऱ्यातला मुलगा आजारी आहे का?" जिभाऊंना विचारलं तर म्हणाले, "मी त्याला थांब म्हटलो होतो." तेही खरं होतं. ते सगळ्यांना थांबच म्हणतात.

बेसवाल्यांचं एक दुःख आहे, त्यावर मात्र जिभाऊ कमी बोलतात. बेस चालू असतो तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. सगळ्यात जाड तार सुटी वाजवली की सेकंदाला एक्केचाळीस कंपनं होतात, आणि हवेत त्या सुराची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. आमचं रो हाउस बारा फूट रुंद. म्हणजे मी सराव करतो तेव्हा लाट माझ्या घरात मावत नाही, ती शेजाऱ्याच्या घरात शिरते. शेजारी म्हणतो, तुझं गाणं ऐकू येत नाही, पण माझं कपाट वाजतं.

आणि आता कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस दाबतो, नाहीतर ट्रॅकवरच भरून आणतो. एका माणसाचं पाकीट वाचतं. बेसवाल्याला घरी बसवायचा हा खटाटोप जुनाच. रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचं बेसचं यंत्र काढलं होतं, सोबतीला बेसवाला नको म्हणून. ते चाललं नाही, १९८४ ला बंद झालं. पण त्याआधीच हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी तेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी विचारलं नाही, पुढे जगभर वाखाणली गेली. जिभाऊ ही गोष्ट सांगतात तेव्हा आवाज खाली जातो. "बघ. मशीन बेसवाल्याच्या पोटावर आलं, तर बेसवाल्यानेच ते वाजवून दाखवलं." मग थोडा वेळ गप्प. त्यांचं शेवटचं लग्न कधी वाजलं, हे मी कधी विचारलेलं नाही.

तर, मी शेवटी न सांगता बेस घेतला. दुकानदार म्हणाला, "लई जाव ने भाऊ, माल बो सरस छे," आणि मी नेला. चादरीत गुंडाळून, महाराणा प्रताप चौकातून न येता मागच्या गल्लीने आणला. संध्याकाळी दारात जिभाऊ उभे. हातात कार्ड.

बेस मांडीवर घेतला. मान डोळ्यासमोर धरून बंदूक रोखावी तसा एक डोळा मिटला. खुंट्या फिरवून पाहिल्या. व्हॉल्यूमची बटणं मागेपुढे केली, खरखर आहे का बघायला. पातळ तारेवर पाचव्या-सातव्या पट्टीच्या आसपास एकेक सूर धरून ठेवला. तिथे कुठेतरी सूर लवकर विझतो, फेंडर घराण्याच्या बहुतेक बेसांना अशी एक मेलेली जागा असते. सापडली, तेव्हा हरवलेला भाचा भेटल्यासारखे हसले. बाराव्या पट्टीवर सूर चढा लागत होता, तर पुलावरचा स्क्रू पिळून तार जराशी लांब केली. अकरा वाजले. बायकोने दोनदा चहा ठेवला.

"कितीला घेतला?"

मी दोन हजार कमी सांगितले.

"फसलास," जिभाऊ म्हणाले.

त्यानंतर गोडादऱ्यात नवा बेस कोणाला घ्यायचा असला की जिभाऊ त्याला हाच बेस सुचवतात. "पण आत्ताच घेऊ नको, थांब, आपल्याकडे एक आहे, आधी तो बघ." मग दर रविवारी दोन-तीन पोरं येतात, प्रत्येकाच्या खिशात व्हिजिटिंग कार्ड. जिभाऊ खाटेवर बसून शिकवतात, कार्ड आता माझी बायको सरकवते. तिचा हात वहिनींपेक्षा हलका आहे, असं जिभाऊंनी तिला सांगितलंय. आजवर एकानेही बेस घेतलेला नाही. परवा कप विसळताना तिने विचारलं, "यांच्यापैकी कोणी हाच विकत घेऊन गेला तर?"

जिभाऊ दारात चप्पल घालत होते. इतक्या हळू बोललेलं त्यांना बरोबर ऐकू आलं.

"विकायचा नाही," ते म्हणाले. "थांब. भाव चढेल."