दोघांसाठी चार पाट
दोन राउटर जोडणाऱ्या एका तारेला /२४ मास्क देणं म्हणजे नवरा-बायकोच्या जेवणासाठी मंगल कार्यालय घेणं: पत्ते २५६, जेवणारे दोन. /३० वाले स्वतःला काटकसरी समजतात. पण त्यांच्याही चार पत्त्यांतला एक नेटवर्कच्या आणि एक ब्रॉडकास्टच्या नावाने नैवेद्यासारखा बाजूला निघतो. समोर ऐकणारा एकच असताना दवंडी कुणासाठी? आरएफसी ३०२१ या इंटरनेट मानकाने डिसेंबर २०००मध्येच /३१ची वाट मोकळी केली: पत्ते दोन, दोन्ही कामाचे. ‘खासगी पत्ते फुकटच की!’ हे १०.०.०.०/८ सारख्या खासगी पट्ट्यांपुरतं खरं. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांसाठी पैसे मोजावे लागतात. एखादं जुनं यंत्र /३१ नाकारत असेल, तर तिथे /३० जरूर ठेवा. ‘आमच्याकडे पूर्वापार असंच चालतं’ हे मात्र तांत्रिक कारण नव्हे.