सीलकर

सीलकर हे आडनाव शिरगणतीत सापडायचं नाही. पण नाण्यांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, निदान पाचसहा सीलकर भेटल्याशिवाय राहत नाहीत. वय साठीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा विमा कंपनीत झालेली, हातात कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल, टॉवेलात बबलरॅप, बबलरॅपमध्ये खोका. हा खोका ते तुमच्या हातात देत नाहीत, दाखवतात. म्हणजे स्वतःच्या हातात घट्ट धरून तुमच्या नाकासमोरून एकदा फिरवतात आणि परत टॉवेलात गुंडाळतात. वर विचारतात, "कसा वाटला?"

आमच्या इमारतीतले सीलकर दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे आणि गादीवरचं कंपनीचं कव्हर गादी जुनी होईपर्यंत निघालं नाही. थोडक्यात, नाण्यांचा छंद लागण्याआधीच माणूस तयार होता. टाकसाळीने फक्त निमित्त पुरवलं.

आपल्याकडे स्मारक नाण्यांची प्रथा १९६४ साली नेहरूंच्या नाण्यांपासून सुरू झाली. पुढे थोरामोठ्यांच्या जन्मशताब्द्या, संस्थांचे सुवर्णमहोत्सव असं काही आलं की नाणं निघू लागलं. यातली काही बाजारात येतात. काही मात्र टाकसाळ फक्त संग्राहकांसाठी पाडते आणि खोक्यात घालून विकते. शंभराचं, पंचाहत्तरचं, दीडशेचं, एवढंच काय, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून चक्क एक हजार रुपयांचंही. कायद्याने हे सगळं चलन. पण पंचाहत्तरचं नाणं घेऊन वाण्याकडे गेलात तर तो तुम्हाला पाणी विचारेल आणि घरी फोन करेल.

या संचांत दोन जाती. एक साधी, जिला संग्राहक यूएनसी म्हणतात. दुसरी प्रूफ. प्रूफसाठी ठसेही घासूनपुसून चकचकीत करतात, चकत्याही, आणि एकाच नाण्यावर एकाहून जास्त वेळा ठोका मारतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी लखलखते आणि वरचा चेहरा दुधट, मऊ दिसतो. सांगायचा मुद्दा, प्रूफ नाणं हे निव्वळ बघण्यासाठी जन्माला येतं. त्याला दुसरं कामच नाही. आणि नेमकं तेच सीलकर बघत नाहीत.

पूर्वी ते डिमांड ड्राफ्ट काढून फोर्टातल्या टाकसाळीत, टाउन हॉलच्या बाजूला, स्वतः जात. आता नोंदणी ऑनलाइन होते. मग वाट पाहण्याचा काळ येतो. या काळात सीलकर पोस्टमनशी इतके गोड बोलतात की वहिनींना संशय यावा. खोका आला की तारीख घालून वहीत नोंद, कपाटात जागा, कपाटाला कुलूप. समारंभ संपला. आत काय आलं? "यादीत लिहिलंय ना," ते म्हणतात.

यांचे जानी दुश्मन, म्हणजे अर्थातच जिवलग मित्र, कातरे. हेही आडनाव खरं नव्हे, कात्रीवरून पडलेलं. कातऱ्यांकडे संच आला की चहा गार व्हायच्या आत सील फुटतं. सुती हातमोजे घालून, नाणं कडेवर धरून, डोळ्याला भिंग लावून ते बसतात. मुंबईच्या साध्या नाण्यावर सालाखाली हिरा असतो, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर टिंब, कोलकात्याला काहीच नाही. मुंबईच्या प्रूफवर मात्र आधी बी असायचा, नंतर एम आला, हे ते झोपेतही सांगतील. १९६९ सालचं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं त्यांच्याकडे वडिलांपासून आहे. पंधरा ग्रॅम, ऐंशी टक्के चांदी. ते सगळ्या गल्लीने हाताळलंय आणि त्याची किंमत कातऱ्यांनी कधी विचारलेलीही नाही.

दोघांचा वाद रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर रंगतो.

"अहो, तुमच्या शंभराच्या नाण्यात निम्मी चांदी आणि चाळीस टक्के तांबं. ते खोक्यातही काळं पडतं. आतला स्पंज, डिंक, प्लॅस्टिक, सगळं आपापलं काम करत असतं. मऊ पीव्हीसीची पिशवी असेल तर वर हिरवं चिकट येतं. वेळीच काढून चांगल्या डबीत ठेवा."

"टाकसाळीने पॅक केलंय. टाकसाळीला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

"टाकसाळीने विकायला पॅक केलंय, नातवंडांना द्यायला नाही!"

एकदा एका संचाच्या पारदर्शक झाकणातून नाण्याच्या कडेला तपकिरी कडं दिसू लागलं. कातरे म्हणाले, गंधकाची करणी. वहिनी म्हणाल्या, काळं पडलंय, द्या इकडे, रांगोळीने घासते. सीलकर हात जोडून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "याला टोनिंग म्हणतात. याचे जास्त पैसे येतात." (त्या दिवसापासून वहिनी देवघरातल्या काळ्या निरांजनालाही टोनिंग आलंय म्हणतात.)

आता कबूल करायलाच हवं आणि करताना जिवावर येतं, की पैशाच्या हिशेबात सीलकरच बरोबर आहेत. प्रदर्शनातला व्यापारी पहिला प्रश्न विचारतो, "पॅक आहे ना?" फुटलेल्या संचाला तो तोंड वाकडं करून भाव कमी सांगतो. नाणं तेच, चांदी तीच, पस्तीस ग्रॅममधली साडेसतरा. मग पैसे कमी का? कारण त्याचं गिऱ्हाईकही सीलकरच आहे. टाकसाळीकडून सीलकरांकडे, सीलकरांकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून नागपूरच्या किंवा इंदूरच्या सीलकरांकडे, अशी त्या खोक्याची वारी चालते आणि एवढ्या प्रवासात नाण्याचं तोंड कोणीच पाहत नाही. आत बटणं भरली असती तरी व्यवहारात खोट आली नसती.

मध्यंतरी कातऱ्यांनी तोडगा काढला. दोन संच घ्या, एक फोडा, एक ठेवा. सीलकरांनी दोन घेतले. मग कुठला फोडायचा यावर विचार सुरू झाला. एकाच्या खोक्याचे कोपरे जास्त टोकदार होते, दुसऱ्याचं लेबल जास्त सरळ होतं. शेवटी दोन्ही फोडण्याच्या लायकीचे नाहीत असं ठरलं आणि फोडण्यासाठी तिसरा मागवला. तो आला तो दोन्हींपेक्षा देखणा निघाला.

मग कोणीतरी त्यांच्या कानात ग्रेडिंगचं वारं घातलं. अमेरिकेतल्या पीसीजीएस किंवा एनजीसीकडे नाणं पाठवायचं, ते त्याला सत्तरपैकी गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमचं बंद करतात. कायमचं बंद हे ऐकून सीलकरांचे डोळे पाणावले. पण त्यासाठी आधी टाकसाळीचं सील फोडावं लागतं, हे कळल्यावर तीन रात्री झोप नाही. एक सील फोडून दुसरं मिळवायचं, आणि मधल्या वेळात नाणं उघडं! त्या उघड्या दहा मिनिटांची जबाबदारी कोण घेणार? बेत रद्द झाला.

लक्ष्मीपूजनाला मात्र दरवर्षी पेच असतो. वहिनींचं म्हणणं, घरात एवढी चांदीची नाणी असताना पूजेला सोनाराकडून वेगळं का आणायचं? म्हणून चौरंगावर खोका ठेवतात. हळदकुंकू खोक्यावर वाहायचं, त्याखाली क्लिंग फिल्म. भटजी पहिल्या वर्षी मंत्र विसरले होते. आता ते "सीलसहितायै" म्हणतात की काय, अशी कातऱ्यांना शंका आहे.

यंदा आलेल्या पार्सलने प्रकरण पुढच्या पायरीवर गेलं. कुठल्याशा व्यापाऱ्याने सांगितलं की टपालाचा खोकाही जसाच्या तसा असेल, वरचा शिक्का आणि चिकटपट्टी शाबूत असेल, तर शौकीन वेगळा भाव देतात. झालं. सीलकरांनी पार्सलच उघडलं नाही. कातरे खवळले.

"अहो, आत दुसऱ्याच कोणाचा संच आला असेल तर? टाकसाळीला कळवायची मुदत निघून जाईल!"

सीलकर पहिल्यांदाच विचारात पडले. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून पार्सल तोलू लागले. माहितीपत्रकातलं नाण्याचं वजन, अधिक डबी, अधिक खोका, अधिक चिकटपट्टी अशी बेरीज वहीत चालली होती. डबीच्या वजनाचा अंदाज यावा म्हणून कातरे आपल्या घरून एक फोडलेली रिकामी डबी घेऊन आले. ती ठेवून पाहिली, उत्तर जमेना. मग चिकटपट्टी किती ग्रॅमची धरायची यावर दोघांची जुंपली.

"तुमचं ठरेपर्यंत काटा द्या इकडे," वहिनी म्हणाल्या, "रवा मोजायचाय."