बंपरमागची जाळी

आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांच्या पुढच्या बंपरला खाली एक रुंद उघडं तोंड असतं. वाकून आत पाहिलं की एसीचा कंडेन्सर थेट दिसतो. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये नखाने दाबले तरी वाकतील असे पातळ पंख. त्याच्यामागे रेडिएटर. रस्त्यावरची खडी आणि हा कंडेन्सर यांच्यामध्ये आडवं असं काहीच नाही. खंबाटकी घाटाच्या अलीकडे-पलीकडे खडीचे डंपर ताडपत्री न बांधता धावतात. त्यातला एक खडा टायरखालून उडून कंडेन्सरच्या नळीवर नेमका बसला, की सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. गॅस हळूहळू निघून जातो आणि ऐन मे महिन्यात एसीतून गरम वारा यायला लागतो. अशा नळीला डाग देऊन सहसा भागत नाही. कंडेन्सर बदलायचा, गॅस भरायचा, आणि हजारांत बिल द्यायचं.

हे टाळायला लागते हात-दोन हात जाळी. रंग आणि स्क्रू धरून तिचा खर्च हजाराच्या आत बसतो. लाखो रुपयांच्या गाडीत ही जाळी कारखान्यातूनच का येत नाही, हा माझा सगळ्यात मोठा राग आहे. बाकीचे राग लहान आहेत, पण ही जाळी घरी करायला घेतली की ते एकामागून एक भेटतात.

गाडीच्या तोंडाला जाळी लावण्याची पद्धत शंभर वर्षांची आहे. १९२३ साली ल माँची पहिली चोवीस तासांची शर्यत झाली, तेव्हा तिथला रस्ता खडीचा होता. बेंटलीच्या गाडीचा पुढचा दिवा उडालेल्या दगडाने फुटला, पेट्रोलच्या टाकीलाही भोक पडलं. पुढच्या वर्षी बेंटलीवाले दिव्यांना तारेची जाळी लावून आले आणि शर्यत जिंकले. पुढे जाळीदार तोंड ही वेगवान गाडीची ओळख झाली. आज तिची नक्कल सगळीकडे दिसते. मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी असलेली ग्रील आता स्वस्त गाडीलाही मिळते, पण त्यातली निम्मी घरं बंद प्लास्टिकची असतात आणि खालचं मोठं तोंड मात्र तसंच उघडं राहतं. जाळीचं रूप घेतलं आणि काम सोडून दिलं. मला हे अतिशय खटकतं.

खालच्या तोंडाला जाळी का नाही, असं विचारल्यावर जाळीने हवा अडते, हे उत्तर मला गॅरेजमध्ये, शोरूममध्ये आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येही मिळालं. हवा अडते हे खरं, पण किती अडते ते जाळीवर अवलंबून आहे, आणि हा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. घर ६ मिलिमीटरचं आणि तार १ मिलिमीटरची असेल, तर जवळपास ७३ टक्के जागा मोकळी राहते आणि १० मिलिमीटरची खडी बाहेर अडते. उलट ॲक्सेसरी म्हणून विकतात तो गोल भोकांचा पत्रा पाहा. ३ मिलिमीटरची भोकं, दोन भोकांच्या मध्यांमध्ये ५ मिलिमीटरचं अंतर. त्यात मोकळी जागा ३३ टक्क्यांच्या आसपास. घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना, एसी चालू असताना, इंजिनाला हवा कमी पडते ती असल्या पत्र्याने. खिडकीची डासांची जाळी लावणारेही मी पाहिले आहेत. ती नवी असते तोवर बरी, मग किडे, चिखल आणि ऊसवाहतुकीच्या हंगामात उडणारं पाचट तिच्यावर बसतं आणि ती भिंत होते. हे विकणाऱ्याने सांगायला हवं. कोणी सांगत नाही.

आता ती ६ मिलिमीटरची जाळी विकत घेऊन दाखवा. पुण्यात हार्डवेअर म्हटलं की रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे जाळी भरपूर आहे, पण तिच्यावर माप लिहिलेलं नसतं. दुकानदार नंबर सांगतो. चार नंबर म्हणजे एका इंचात चार घरं. पण तार किती जाड, हे नंबरात येत नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे. चार नंबरची जाळी १ मिलिमीटर तारेची असेल तर ७१ टक्के मोकळी. तीच १६ गेजच्या तारेची, म्हणजे १.६ मिलिमीटरची असेल, तर ५५-५६ टक्के. नंबर एकच, भाव किलोवर, आणि वजन जाड तारेचं जास्त. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी हवा घ्यायची. मी खिशातून व्हर्नियर काढला तर दुकानदाराला तो अपमान वाटला. मोजमाप करून माल घेणं हा अपमान कधीपासून झाला?

‘‘कोंबड्यांसाठी हवीये का?’’

‘‘नाही, गाडीच्या बंपरला.’’

‘‘मग काका, नाना पेठेत जा. गाडीचं सगळं तिकडे.’’

नाना पेठेत गाडीचं सगळं मिळतं हे खरं आहे. पण सुटी जाळी मागितली की तिथे अख्खी क्रोमची ग्रील समोर ठेवतात. खालच्या तोंडाला लागणारा तुकडा हवा म्हटलं की हार्डवेअरवाल्याकडे पाठवतात. स्टेनलेसची जाळी ३०४ आहे की २०२, हे विचारून उपयोग नाही, कारण सगळेच ३०४ सांगतात. दोन्हींना लोहचुंबक जेमतेमच धरतो, त्यामुळे घरगुती परीक्षाही हाती राहत नाही. २०२ मध्ये निकेल कमी असतं, ती कोकणात दोन पावसाळे काढते की नाही याची मला शंका आहे. खरं बिल आणि खरा दर्जा लिहून द्यायला एक ओळ पुरते.

या कामाला माझ्या मते सगळ्यात चांगली ती ॲल्युमिनियमची एक्स्पांडेड जाळी. पत्र्याला चिरा पाडून तो ताणतात आणि शंकरपाळ्याच्या आकाराची घरं तयार होतात. विणकाम नाही, म्हणून कापल्यावर तारा सुटत नाहीत. साध्या पत्रा-कात्रीने कापता येते आणि बंपरच्या बाकाप्रमाणे हाताने वळते. पण तिला एक दिशा असते, हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं. तिच्या पट्ट्या सपाट नसतात, तिरक्या उभ्या असतात. एका बाजूने लावली तर उभ्या माणसाला आतला कंडेन्सर स्वच्छ दिसतो, उलटी लावली तर तोंड काळं, भरीव दिसतं. बंपरला दोन खिडक्या असल्या आणि एकीत जाळी सुलटी, दुसरीत उलटी बसली, तर लांबूनही गाडी तिरळी दिसते. एक छोटा बाण छापायला काय हरकत होती?

माप घेण्याचं काम मात्र आनंदाचं आहे. खोक्याचा पुठ्ठा बंपरच्या तोंडावर मागून धरायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त ठेवून कापायचं, मग पुठ्ठ्यावरून जाळी. कडा कानशीने घासायच्या, कारण पुढे कधीतरी आपलाच हात तिथे जाणार असतो. जाळी कंडेन्सरला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं तरी अंतर हवं. नाहीतर दगड जाळीला लागतो आणि जाळी कंडेन्सरला.

हे सगळं मागून करायचं तर बंपर उतरवावा लागतो, आणि इथे प्लास्टिकच्या क्लिपा येतात. बंपर काही दहाच्या बोल्टांवर आणि बाकी या क्लिपांवर उभा असतो. त्या एकदाच बसवायच्या म्हणून केलेल्या असाव्यात, अशा तुटतात. गॅरेजमधला पोरगा तुटलेली क्लिप खाली टाकतो आणि बंपर तिच्याविना बसवतो. पुढे प्रत्येक गतिरोधकावर तो कोपरा वाजतो. नवी क्लिप मागितली तर सुटी मिळत नाही, पाकीटच घ्या म्हणतात, आणि पाकिटातल्या निम्म्या दुसऱ्याच मापाच्या.

चिकटवण्याचं दुखणं आणखी निराळं आहे. जाळी आतून डकवून टाका, असा सल्ला जो तो देतो. बंपर उतरवल्यावर त्याच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरांत प्लास्टिकची जात लिहिलेली असते. बहुतेक वेळा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकवर नेहमीचा एपॉक्सी धरत नाही, खास प्रायमर लागतो. ग्लू गनचा गोंद उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने मऊ होतो. महिन्याभरात जाळीचा एक कोपरा सुटतो आणि मग ती खडखडत राहते. म्हणून वॉशर घातलेले छोटे स्क्रू किंवा काळे केबल टाय. तेही उन्हात टिकणारे हवेत, पांढरे टाय कडक होऊन तुटतात. दुकानात काळे टाय मिळतात, पण त्यातले ऊन सोसणारे कुठले, हे विचारलं की ‘काळे आहेत ना, मग झालं’ एवढंच उत्तर.

रंगाचंही तेच. ॲल्युमिनियमवर एच प्रायमर न मारता काळा स्प्रे मारला की पावसाळ्यात पापुद्रे निघतात. पावडर कोटिंग उत्तम, पण त्याची भट्टी १८० ते २०० अंशांची, म्हणजे जाळी प्लास्टिकला जोडण्याआधीच कोटिंग करून घ्यायला हवी. भोसरीत कोटिंगवाले पुष्कळ आहेत. एका तुकड्यासाठी भट्टी पेटवत नाहीत, हे मला मान्य आहे. चालू लॉटमध्ये एका हुकाला माझा तुकडा अडकवायलाही तयार होत नाहीत, हे मान्य नाही.

शोरूममधल्या सल्लागाराने वॉरंटी जाईल असं सांगितलं. कुठल्या कलमाने, ते सांगितलं नाही. दुसऱ्या एकाने हे बेकायदा आहे असं ठणकावलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतला तपशील मूळ रचनेपासून बदलेल अशा फेरफारांना मनाई करतं. बंपरच्या आतल्या जाळीने नोंदणीतली एक ओळही बदलत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं ते बाहेर बसवलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर. ते योग्यच होतं, कारण त्या दांड्याने पादचाऱ्याला इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकू शकते. आत बसवलेल्या जाळीला त्याच दावणीला बांधणं अन्याय आहे.

सावध करायचंच असेल तर खऱ्या धोक्याबद्दल करा. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, तिचा ७७ गिगाहर्ट्झचा रडार पुष्कळदा ग्रीलमागे किंवा खालच्या तोंडातच बसवलेला असतो. त्याच्यासमोर धातूची जाळी आली की तो आंधळा होतो. अशा गाडीत तेवढी जागा मोकळी सोडली पाहिजे. ॲक्सेसरीच्या दुकानात हे मला कोणी आपणहून सांगितलं नाही. तिथे विचारतात ते एवढंच, क्रोम की काळी.

जाळी बसल्यानंतर उरतो तो वॉशिंग सेंटरवाला. पाण्याचा जोराचा फवारा तो जाळीला नोझल टेकवून मारतो. जाळीला काही होत नाही, मागचे कंडेन्सरचे पंख झोपतात, आणि झोपलेल्या पंखांतून हवा जात नाही. हातभर लांबून, सरळ समोरून मारा, तिरका नको, असं दर वेळी सांगावं लागतं. बंपरवर तशी सूचना चिकटवायची मी आता ठरवली आहे, मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत.