बाळसेदार शब्द

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले, तेव्हा सरकारी शब्दकोश फारच अशक्त होता. पुढे त्याने चांगलंच बाळसं धरलं. १९९५ ला ‘नवसंजीवन’ आलं, २००५ ला ‘राजमाता जिजाऊ मिशन’, २०१५ ला ‘अमृत आहार’. देव-दानवांना ज्यासाठी समुद्र घुसळावा लागला, ते अमृत शेजारच्या मोखाड्यात अंगणवाडीतच ताटात पडू लागलं, तेही डाळ-भाताच्या रूपात!

‘आधार’ २०१० पासूनच मिळतो. नंदुरबारच्या टेंभलीत तो पहिल्यांदा वाटला गेला. त्याला बारा आकडे असतात. शिवाय जिल्ह्याचा मंत्रीही ‘पालक’च.

एक किरकोळ सुधारणा मात्र राहून गेली. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर अजून मुलंच ठेवतात. तिथे योजनांची नावं ठेवावीत. एकही नाव कमी वजनाचं निघणार नाही आणि अहवाल हिरवागार होईल.

मोखाड्यातल्याच सूर्यमाळ परिसराला हा शब्दकोश अद्याप नीटसा पचलेला नाही. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की पाड्यांवरची दारं बंद होतात, मुलाबाळांसह कुटुंबं वीटभट्ट्यांची वाट धरतात. कुठे गेले, असं विचारलं तर ओट्यावर उरलेली म्हातारी एवढंच सांगते :

“जगायला.”