देवयानीच्या कोपऱ्यात सही

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्या फोटोत उजवीकडे, तळाच्या कोपऱ्यात प्रस्तुत लेखकांची सही आहे. नुसती आद्याक्षरं नाहीत, शेपटीसकट पूर्ण सही. उभी हयात बँकेत लोकांच्या सह्या पडताळण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर स्वतःची सही ठोकायला अब्जावधी तारे मिळाले, तर माणूस हात आखडता कशाला घेईल?

बरोबरीचे कुणी हास्यक्लबात गेले, कुणी नर्मदा परिक्रमा केली, कुणी पेटी शिकायला बसलं. प्रस्तुत लेखकांची अट वेगळी होती. छंद असा हवा, की त्यात चुका काढणं ऐऱ्यागैऱ्याला जमू नये. पेटी बेसूर वाजली की खालच्या मजल्यालाही कळतं. देवयानी बेसूर झाली तर कोणाच्या बापाला कळणार? अकरावीतल्या एका मुलीला कळलं. तिने नम्रपणे दाखवून दिलं, की काकांची सही एम ११० या देवयानीच्या शेजारणीवर, म्हणजे एका अख्ख्या दीर्घिकेवर झाली आहे. सही अजून हललेली नाही.

बाकी सगळं मात्र हलतं. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं, आणि दुर्बिणीतून काही सेकंदांतच ताऱ्यांच्या शेवया होतात. त्यावर उपाय म्हणजे आकाशाबरोबर फिरणारा मोटरवाला माउंट. चांगला माउंट दुर्बिणीपेक्षा महाग पडतो. हे या नादातल्या सगळ्यांना पाठ असतं, पण घरात मोठ्याने म्हणायची छाती थोड्यांचीच. या माउंटचा अक्ष ध्रुवाच्या दिशेला लावावा लागतो. लंडनच्या हौशी माणसाला ध्रुव ५१ अंशांवर ऐटीत दिसतो. पुण्यात तो जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे बरोबर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. शिवाय आजीने ज्याला अढळपद देऊन ठेवलं होतं, तो ध्रुवही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त बाजूला आहे आणि रोज त्याच्याभोवती निमूट चक्कर मारतो. निवृत्त माणसाने आता भरवसा ठेवावा कोणावर?

मग येतं टोपण. सौभाग्यवती एकदा चहा घेऊन गच्चीवर आल्या, तर कॅमेरा फोटोमागून फोटो काढत होता आणि दुर्बिणीच्या तोंडावर टोपण घट्ट बसलेलं होतं.

“अहो, टोपण काढा की!”

“मुद्दाम लावलंय.”

त्या काही बोलल्या नाहीत. कप कठड्यावर ठेवून खाली गेल्या आणि मुलीला फोन लावला. आता त्यांना कोणी समजावावं, की सेन्सर अंधारातही स्वतःच्याच उष्णतेने खोटे ठिपके उमटवतो. ते टिपून ठेवायचे आणि खऱ्या फोटोतून वजा करायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे हेच गृहस्थ दुर्बिणीच्या तोंडावर स्वतःचं पांढरं बनियन ताणून बसवताना सापडले, तेव्हा तर समजावण्याची सोयच उरली नाही. बनियनमधून येणाऱ्या सारख्या उजेडाचा फोटो घेतला, की काचेवरची धूळ आणि कडांचा काळोख हिशेबातून काढता येतो. जगभर हौशी लोक हेच करतात. फरक इतकाच, की ते बहुतेक टी-शर्ट वापरतात.

फोटोही एक काढून भागत नाही. एकावर एक रचावे लागतात. चौपट काढाल तेव्हा खरखर निम्मी होते. ज्यांना मुदत ठेवीचं व्याज तोंडपाठ, त्यांनाही हा दर जाचक वाटतो.

अशा वेळी प्रस्तुत लेखकांना आयझॅक रॉबर्ट्स आठवतो. लग्नमुंजीत, बँकेच्या रांगेत, कुठेही आठवतो, आणि ऐकणाऱ्याची सुटका नसते. हा वेल्समध्ये जन्मलेला माणूस धंद्याने बिल्डर. होय, बिल्डर! पुण्यात ज्या जमातीने आकाशाचे चौकोनी तुकडे केले, त्याच जमातीतला. त्याने इमारती बांधून पैसा केला आणि २० इंची आरशाची दुर्बीण घेतली. १८८८ च्या डिसेंबरात लिव्हरपूलजवळच्या मघल इथून त्याने देवयानीचा जो फोटो काढला, त्यात तिचे सर्पिल वळसे जगाने पहिल्यांदा स्वच्छ पाहिले. ही घडत असलेली सूर्यमाला आहे, असं त्याला वाटलं. ती स्वतंत्र दीर्घिका आहे हे हबलने दाखवलं, पण ते १९२० च्या दशकात. फोटो बिनचूक, मथळा साफ चुकलेला. तरी बिल्डरचं नाव राहिलं.

त्याची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्याकडची. त्याच ग्रबची २० इंची दुर्बीण पुण्यातही होती, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगमवालांनी ती चालवली. १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊरला तळ ठोकून टिपलं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, आणि सरकारने वेधशाळाच बंद करून दुर्बीण कोडाईकनालला धाडली. एका माणसाच्या निवृत्तीने शहराची दुर्बीण गेली! प्रस्तुत लेखक निवृत्त झाले तेव्हा बँकेची साधी शाखाही बंद पडली नाही, हे शल्य तेही नाइलाजाने बोलून दाखवतात.

हल्ली घरात कालनिर्णय उघडलं जातं ते अमावास्या बघायला. कोजागिरी हा या घरातला दुखवट्याचा दिवस. अमावास्येला एक निवृत्त अधिकारी काळी पेटी, तिपाई आणि लाल बॅटरी घेऊन वेल्ह्याकडच्या माळावर उतरतो. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. पण वाटेवरच्या शेतकऱ्याला हे कसं कळावं? “पाव्हनं, लिंबू कुठाय?” असं त्याने सरळ विचारलं.

एवढी पायपीट करायची, कारण शहरावर आता आकाश असं राहिलेलंच नाही. जॉन बॉर्टल याने २००१ मध्ये काळोखाचे नऊ वर्ग पाडले. नववा सगळ्यात वाईट. मोठ्या शहरांचा मध्य आठव्या-नवव्यातच बसतो. सोसायटीच्या गच्चीवर रात्रभर रिकाम्या खुर्च्यांवर एलईडी जळतो. तो बंद करा म्हटलं तर ‘सुरक्षितता’ म्हणतात. खुर्च्यांची!

नातवाला आकाशगंगेचा फोटो दाखवला. त्याने नीट पाहिला आणि विचारलं, “आजोबा, हे एआयने केलंय ना?” प्रस्तुत लेखक चिडले, पण पोरावर चिडून काय उपयोग? त्याने आकाशगंगा डोळ्यांनी कधी पाहिलेलीच नाही. त्याच्या आजोबांना ती अंगणात अंथरुणावर पडल्यापडल्या दिसत असे, फुकट. नदी बुजवली तर निदान कोर्टात जाता येतं. आकाश बुजलं, आणि कोणी साधा पंचनामाही केला नाही.

त्या रात्री पुन्हा रॉबर्ट्स निघाला. या वेळी त्याची बायको. डोरोथिया क्लम्पके स्वतः खगोलशास्त्रज्ञ, सॉरबॉनची डॉक्टरेट. लग्न १९०१ चं, आणि १९०४ मध्ये तो गेला. तीन वर्षांचा संसार. पण त्याच्या फोटोंवर ती पुढे वर्षानुवर्षं काम करत राहिली आणि १९२९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, तिने आकाशातल्या ५२ प्रदेशांचा ॲटलस त्याच्या नावाने छापला. हे सांगताना प्रस्तुत लेखकांचा आवाज जरा कातर झाला.

“बावन्न?” सौभाग्यवती म्हणाल्या. “तुमच्याकडे एक मृग, एक कृत्तिका आणि बाकी सगळी देवयानी. आधी पन्नास तरी नवे काढा.”

पण पुढच्या अमावास्येला स्वेटर घालून त्याही आल्या. मांडीवर पाककृतींची जुनी वही होती. शंकरपाळ्यांच्या पुढच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंदी सुरू झाल्या आहेत: ‘पहिला तास, ढग. दुसरा तास, ढग आणि कुत्रं. पहाटे तीन, मृग बरा आला. टोपण काढलं होतं.’