गैरहजर संघाचा मुखत्यार

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीच्या अखेरच्या चार संघांचा जो मेळा दरवर्षी एप्रिलच्या पूर्वार्धात भरतो आणि ज्याला तिकडे 'फ्रोझन फोर' म्हणतात, त्याच्या प्रेक्षागारात त्या चार विद्यापीठांच्या रंगांखेरीज आणखी कितीतरी रंगांच्या जर्सी दिसतात. या जर्सी ल्यालेल्या सद्गृहस्थांचे संघ दहा-बारा दिवसांपूर्वीच, किंवा त्याहीआधी, पराभूत होऊन घरी बसलेले असतात. परंतु तिकिटांची विक्री संघ ठरण्याच्या कितीतरी महिने अगोदर होत असल्यामुळे समर्थक तेवढे शिल्लक राहतात, आणि घरचे कार्य मोडले असताही भरजरी फेटा बांधून शेजारच्या मांडवात पहिल्या पंगतीला बसणाऱ्या मामाच्या रुबाबात ते आपापल्या खुर्च्यांवर विराजमान होतात.

या जातीचा अस्सल नमुना म्हणजे मिनेसोटाचा समर्थक. 2024 साली हा मेळा त्याच्या उंबरठ्यावर, सेंट पॉल येथे भरला. आणि डेन्व्हर, बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज व मिशिगन असे चौघेही पाहुणे हजर असताना यजमान तेवढा गैरहजर! तरीही आमचे गृहस्थ गडद तांबडी जर्सी चढवून वेळेपूर्वी दाखल झाले. शेजारी कोणीही बसो, त्याला प्रथम 1989 च्या अंतिम सामन्याची कैफियत ऐकावी लागते: याच जागेवर तेव्हा उभ्या असलेल्या सिव्हिक सेंटरमध्ये, जादा वेळात, मिनेसोटाचा पक (खेळाची चकती) गोलच्या खांबावर आदळून परत आला आणि हार्वर्डने 4-3 असा डाव जिंकला. वास्तू पाडली गेली, तिच्या जागी नवी उभी राहिली, परंतु त्या खांबाविरुद्धची फिर्याद मात्र अद्याप दप्तरी दाखल आहे.

आपण निःपक्षपाती असल्याचे हे गृहस्थ वारंवार जाहीर करतात. त्यांचा निःपक्षपात असा, की जुन्या वैरांच्या उतरंडीत ज्याचा क्रम वरचा, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला त्यांचा आशीर्वाद. त्यामुळे बॉस्टन कॉलेजने मिशिगनला 4-0 असे नमविले तेव्हा, बॉस्टनशी कसलाही ऋणानुबंध नसताना, त्यांनी उठून टाळ्या वाजविल्या, आणि गोल खाल्लेल्या गोलरक्षकाला 'चाळणी' म्हणून पुकारणाऱ्या कोरसात आपला भरदार आवाज मिसळला.

त्यांचे खरे पांडित्य प्रकट होते ते शुक्रवारी. गुरुवारी उपांत्य सामने, शनिवारी अंतिम, आणि मधल्या रिकाम्या दिवशी वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला होबी बेकरच्या नावाचे पारितोषिक. प्रिन्स्टनचा हा नामांकित खेळाडू पहिले महायुद्ध संपल्यावर, 1918 च्या डिसेंबरात, फ्रान्समध्ये विमान कोसळून मृत्यू पावला, हा इतिहास ते हॉटेलच्या दिवाणखान्यात गंभीर मुद्रेने सांगतात. परंतु लगोलग खिशातून, संघांची दोन-दोनांत तुलना करून स्पर्धेतील जागा तेव्हा जिच्यावरून ठरत असत, त्या 'पेअरवाइज' क्रमवारीचे कोष्टक निघते, आणि जानेवारीतील अमुक सामना बरोबरीत न सुटता, तर तमुक तुलनेत आपला क्रम वर सरकून, आपल्या वाट्याला निराळा विभाग येऊन, आज आपणच येथे असतो, हे ते अशा बिनतोड हिशेबाने सिद्ध करतात की प्रत्यक्षात जे घडले तेच कारकुनी चूक वाटू लागते.

शनिवारी डेन्व्हरने बॉस्टन कॉलेजला 2-0 असे हरवून दहावे विजेतेपद मिळविले आणि मिशिगनच्या नवांना मागे टाकले. पराभूतांच्या समर्थकांनी माना खाली घातल्या. आमचे गृहस्थ मात्र बचावाच्या व्यूहाची शांतचित्ताने समीक्षा करीत बाहेर पडले. या प्रसन्नतेचे मर्म आदल्या वर्षाच्या इतिहासात आहे. 2023 साली त्यांचा संघ टँपा येथे खरोखरच अंतिम सामन्याला पोहोचला होता. 2-0 अशी आघाडी घेतली, क्विनिपिॲकने ती फेडली, आणि जादा वेळ सुरू होऊन अवघ्या दहा सेकंदांत निकाल विरुद्ध लागला. हजर संघाची ही किंमत एकदा मोजल्यावर गैरहजर संघाचे मोल मनुष्याला कळते: तो खांबावर पक मारीत नाही, आघाडी गमावीत नाही, आणि कोष्टकात तर नेहमीच जिंकतो. म्हणूनच, संघांचा पत्ता नसताना तिकिटे विकण्याच्या वहिवाटीला इतर प्रेक्षक जुगार म्हणतात, आणि हे गृहस्थ तिलाच या स्पर्धेतील एकमेव न्याय्य नियम मानतात.