बॅचकरी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अलीकडे वाढीला लागलेल्या एका प्रवासी मनुष्यप्रकाराला सोयीसाठी ‘बॅचकरी’ म्हणता येईल. दहावीला एका वर्गात असलेले तीन-चार मित्र, त्यांच्या सौभाग्यवती आणि दीड ते आठ वर्षे वयाची चिल्लीपिल्ली एवढा लवाजमा घेऊन मे महिन्याच्या सुट्टीत जो आठ-दहा दिवस परदेशी जातो तो बॅचकरी, अशी त्याची व्याख्या करता येते. ‘बॅच’ हा शब्द येथे शैक्षणिक वर्षापुरता मर्यादित नाही. ज्यांनी एकमेकांच्या वह्यांतून गृहपाठ उतरवला आणि एकाच मास्तरांची छडी खाल्ली, अशांचे ते आजन्म गोत्र होय. वारकऱ्याला निदान पंढरपूर गाठायचे असते. बॅचकऱ्याचा स्थळाविषयी काहीच आग्रह नसतो, सोबत कोणाची हे मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच ठरलेले असते.

या प्रकारात सातारकर आणि सांगलीकर अशा दोन पोटजाती असून, कऱ्हाडच्या एखाद्या वसतिगृहात दोघे एकाच खोलीत वाढलेले असले तरी त्यांच्यातील भाऊबंदकी परदेशी हवेत अधिकच जोर धरते. सांगली जिल्हा 1949 साली जुन्या साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि 1960 साली त्याला आजचे नाव मिळाले, हे सातारकराला शाळेत कधी धड पाठ झालेले नसते. पण स्वित्झर्लंडमध्ये खोल्यांचे वाटप होताना ते त्याला हमखास आठवते, कारण खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसणारी खोली थोरल्या पातीकडे जावी, असे त्याचे प्रामाणिक मत असते.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत मात्र इतिहासाने धाकट्या पातीला न्याय दिलेला दिसतो. सातारकराच्या बॅगेत कंदी पेढे, म्हणजे खवा खरपूस भाजून केलेले तपकिरी पेढे, किलोच्या हिशेबाने असतात. परंतु भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, हा नियम त्याला मुंबईच्या विमानतळावर, तोही सांगलीकराच्या तोंडून, समजतो. तान्ह्या मुलाच्या दूधपावडरीला सवलत आहे असे कळताच, पेढा हीसुद्धा एक प्रकारची घट्ट दूधपावडरच होय, असा युक्तिवाद तो करून पाहतो. तो कोणी मान्य न केल्यामुळे सगळे पेढे रांगेत उभ्या असलेल्या ओळखी-अनोळखी सर्वांना वाटले जातात आणि अजून विमानात पाऊलही न टाकलेल्या मंडळींचे तोंड गोड होते. सांगलीकराचे भडंग, म्हणजे चुरमुऱ्यांना तेल, तिखट, लसूण आणि शेंगदाणे लावून केलेला पदार्थ, या नियमाच्या कचाट्यात सापडत नाही. ते वजनाला हलके पण जागा खाणारे असल्यामुळे बाबागाडीत बसवले जाते आणि गाडीचा मूळ मालक कोणातरी काकाच्या खांद्यावर बसून त्याचे केस धरून युरोप पाहतो.

या मालकाची गणना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसणार असेल तर विमान कंपन्या साधारणतः तिकिटाचा दहावा हिस्सा आकारतात, वर्गणीच्या हिशेबात बाप ते शून्य धरतो आणि दिवसाच्या कार्यक्रमात त्याचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. मुलांचे पारपत्र साधारणपणे पाच वर्षे चालते, पण चेहरा इतका टिकाऊ नसतो. जावळ काढल्यानंतरच्या आठवड्यात टिपलेला तुळतुळीत फोटो आणि समोर ओठाला चॉकलेट लावून उभा असलेला चार वर्षांचा झिपऱ्या यांच्यात साम्य शोधत परदेशी अधिकारी बराच वेळ खर्ची घालतो. शेवटी आई मुलाचे केस दोन्ही हातांनी मागे ओढून धरते, तेव्हा कुठे शिक्का पडतो. सर्व कुटुंबांचे कागद एका प्लास्टिकच्या फायलीत सांभाळणारी ही आईच या प्रवासाची खरी चालक असून, व्याख्येत तिचा उल्लेख लवाजम्यात झाला, हा व्याख्येचा दोष मानावा.

प्रेक्षणीय स्थळी बॅचकरी समोरचे दृश्य पाहत नाही, ते घरच्या मापाने मोजतो. ऱ्हाइन नदीचा प्रसिद्ध धबधबा केवळ 23 मीटर उंच आहे असे समजताच सातारकर “मर्दा, आपलं ठोसेघर ह्याच्या कितीतरी पट हाय,” असे म्हणून पाठ फिरवतो. ऱ्हाइनच्या पाण्याची रुंदी दीडशे मीटर आहे आणि त्याच महिन्यात ठोसेघरची धार आटलेली आहे, या गोष्टी त्याच्या लेखी गौण होत. सांगलीकराचे माप याहून शास्त्रीय असते. कृष्णेवरील 1929 सालच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, ही पट्टी त्याच्या डोक्यात कायमची बसलेली असल्यामुळे कोणत्याही परदेशी नदीकाठी तो प्रथम फूट विचारतो. व्हेनिसमध्ये होडीचा दर ऐकल्यावर तर, 2019 साली आयर्विनला 57 फुटांवर पाणी असताना आपल्याला मारुती चौकातून फुकट नेले होते, हे तो नावाड्याला मराठीत ऐकवतो. त्या पुरात त्याच्या तळमजल्यावरचे सगळे सामान गेले होते, ही गोष्ट मात्र तो सांगत नाही. बॅचमधल्या सगळ्यांना ती माहीत असते, कारण चिखल काढायला तेच आले होते.

रात्री ज्या खोलीवरून भाऊबंदकी झाली त्याच खोलीत सगळे जमतात. नऊपर्यंत उजेड राहत असल्याने मुले झोपेनात म्हणून डोंगराच्या खिडकीवर जाड पडदा ओढून घेतलेला असतो आणि त्या कृत्रिम अंधारात, भडंगाचा आवाज होऊ नये म्हणून ते तोंडात भिजवून खात, चार बाप्ये गणिताच्या मास्तरांची नक्कल हळू आवाजात करत बसतात. आठ वर्षांची एक मुलगी तेवढी पडद्याची कड उचलून बाहेर पाहत असते. तिने डोंगराचे नाव विचारले असता दोन्ही पोटजातींच्या काकांकडून कधी नव्हे ते एकच उत्तर मिळते, ते म्हणजे “झोप.”